तवा काय म्हणतोय?

“काय म्हणतोय, प्रिसू?”

आजोबांनी खिम्याचा गोळा तव्यावर ठेवला, उलथन्याने वरून एकदाच दाबला आणि माझ्याकडे न बघता विचारलं. मी नुकतीच शाळेतून आले होते, खांद्यावरचं दप्तरही काढलं नव्हतं. तशीच तव्यावर वाकले, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला.

“आलं पुढे पळतंय. कांदा मागे राहिलाय.”

“मग?”

“थांबा जरा.”

आजोबा थांबले. तवा चरचरत राहिला.

“आला! कांदा आला. गोड झाला. आता उलथा, आजोबा, आता!”

त्यांनी एका झटक्यात गोळा उलथला. खालची बाजू भाजलेल्या विटेच्या रंगाची, कडेने जाळी पडलेली. 

“बरोबर,” आजोबा म्हणाले आणि दुसरा गोळा उचलला.

बस, एवढंच. शाबासकी नाही, पाठीवर थाप नाही. पण आठवीच्या त्या वर्षात मी त्या एका शब्दावर कशी तरंगत होते ते आता दहावीत आल्यावर आठवलं तरी हसू येतं. कारण मी कधीच चुकत नव्हते. एकदाही नाही! आजोबांसारखा माणूस, ज्याच्याकडून चांगलं म्हणवून घ्यायला माझे पप्पा अख्खं बालपण झुरले, तो मला रोज ‘बरोबर’ म्हणायचा.

आमचं दुकान भिंगारला आहे, लष्कराच्या हद्दीला अगदी चिकटून. दारावर पत्र्याची पाटी आहे, ‘उजागरे हॅम्बर्गर’. नवीन माणूस ती वाचून हसतो, मग आत येतो, मग हसत नाही. माझे पणजोबा लाजरस उजागरे हे अमेरिकेहून आलेल्या एका डॉक्टर मिसबाईंकडे स्वयंपाकी होते. मिसबाईंना घरची फार आठवण आली की त्यांना हॅम्बर्गर खावासा वाटायचा. त्यांनी तो हातवारे करून पणजोबांना समजावला. पणजोबांनी बोकडाचा खिमा घेतला, त्यात आलं-कांदा घातला, वर भाजलेले धणे, जिरे आणि मिरे कुटून घातले, आणि पाव तव्यावरच्या चरबीत भाजून दिला. मिसबाई पहिला घास खाऊन म्हणाल्या म्हणे, “लाजरस, हे आमच्याकडचं नाही. पण मला अजून एक दे.” मायदेशी परत जाताना त्या आपला बिडाचा तवा पणजोबांना देऊन गेल्या. दोन माणसांनी उचलावा असा तवा आहे तो. त्याला आजपर्यंत साबण लागलेला नाही. मीठ आणि कापडाची चिंधी, बस.

आणि नियम! आमच्याकडे नियम फार. गल्ल्याच्या मागे पणजोबांच्या हातची पाटी आहे: ‘मागू नये. सांगू नये. मिळेल ते खावे.’ म्हणजे जास्त भाजा, कमी भाजा, मिरे कमी घाला असलं काही चालायचं नाही. सॉस नाही, चीज नाही. कॉलेजची पोरं सॉस मागायला लागली की सुलूआत्या गल्ल्यावरूनच हात लांब करून दाखवायची, “तो बघ, समोर गाडा. बाटलीच्या बाटली ओततो तो. जा.” खिमा मशीनवर काढायचा नाही, लाकडी ठोकळ्यावर दोन सुऱ्यांनीच बारीक कापायचा. ताटल्या जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, चेपलेल्या. खाऊन झालं आणि अजून एक हवा असेल तर तोंडाने बोलायचं नाही, ताटली उपडी घालायची. टण्ण. आवाज आला की तव्यावर गोळा पडायचा. दिवसातला शेवटचा हॅम्बर्गर विकायचा नाही. तो ज्याने बनवले त्याने सगळ्यांच्या समोर, उभं राहून खायचा. पणजोबा म्हणायचे, दिवसभर लोकांना जे खायला घातलंस ते स्वतः गिळून दाखव.

आणि सगळ्यात मोठा नियम उलथन्याचा. शिसवी मुठीचं ते उलथनं एका वेळी घरातल्या एकाच माणसाच्या हातात. दुसऱ्याने शिवायचंसुद्धा नाही, धुवायलाही नाही. पणजोबांनी ते आजोबांना दिलं. आजोबांनी ते कुणालाच दिलं नव्हतं. पप्पांना तव्याजवळ गेलं की शिंका यायच्या, ते एमआयडीसीत नोकरीला लागले आणि सुटले. सुलूआत्या उभं आयुष्य दुकानात राबली, पण पाव आणि गल्ला यापलीकडे तिला कुणी बोलावलं नाही. बाईने तव्यावर उभं राहू नये असा काही नियम पाटीवर नव्हता. पण उभी राहिलेली बाई पण कुणी बघितली नव्हती.

मला ते उलथनं हवं होतं. अगदी जीव जाईल इतकं हवं होतं. आणि मला वाटायचं, रोजची ती परीक्षा त्याचीच आहे. शंभर वेळा बरोबर आलं की आजोबा मूठ माझ्याकडे करतील.

ती परीक्षा सुरू व्हायच्या आधीची मी कुणाला सांगितली तर पटणार नाही. वर्गात हजेरीला ‘हजर’ म्हणताना माझा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत जायचा नाही. खरात मॅडम वर बघून विचारायच्या, “प्रिस्किला आली आहे का कुणाला माहिती?” आणि मी तिथेच बसलेली असायची! सातवीत असताना आजोबांना मोठा ताप आला, दोन-तीन आठवडे दुकान बंद राहिलं. ते उठले, तवा पुन्हा पेटला आणि पहिल्याच दिवशी त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, “काय म्हणतोय?” मी घाबरत घाबरत म्हटलं, “जिरं जरा जास्त भाजलंय वाटतं.” ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग म्हणाले, “बरोबर.”

तिथून सुरुवात. घरी बरोबर, बरोबर, बरोबर ऐकून आलेली मुलगी शाळेत किती दिवस गप्प बसेल? आधी गणिताचं उत्तर मोठ्याने दिलं. मग सहलीच्या बसमध्ये गाणं म्हटलं. मग एकदा खरात मॅडमनी फळ्यावर सन चुकीचा लिहिला ते उभं राहून सांगितलं, आणि वर्ग अवाक. आठवीच्या डिसेंबरात त्यांनी माझं नाव नगरच्या आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत दिलं. विषय आयत्या वेळी चिठ्ठीतून. मी घरी नाचत आले.

“शनिवारी आहे आजोबा! पण मी संध्याकाळपर्यंत येते परत.”

आजोबांचा सुऱ्या चालवणारा हात थांबला. “शनिवारी?”

“शनिवारी होनमान्यांची पलटण येतीय ना,” आत्या म्हणाली.

होनमाने काका म्हणजे निवृत्त सुभेदार. रोज दुपारी चारला दुकान उघडलं की पहिली ताटली त्यांची. त्यांच्याबरोबर इथे छावणीत भरती झालेले जुने सोबती देशभरातून गोळा होणार होते, आणि सगळ्यांनी एकच हट्ट धरला होता, की विशीत जे खाल्लं ते पुन्हा खायचं. तीस-पस्तीस माणसं, शनिवारी सहाला.

“मी नको जाऊ का?” मी विचारलं.

आजोबांनी तव्यावरून एकदा चिंधी फिरवली. “जा,” ते म्हणाले. “बोलायला मिळतंय तर जा. मी काय नवीन आहे का तव्याला?”

आता वाटतं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. त्याच आठवड्यात गॅसवर दूध ऊतू जाऊन पातेलं करपलं होतं, अख्ख्या घरात धुरकट वास, आणि आजोबा शेजारी खुर्चीत निवांत पेपर वाचत होते. आत्या ओरडली तर म्हणाले, “बातमी चांगली होती.” आम्ही हसलो.

शनिवारी मला चिठ्ठीत विषय आला, ‘माझे घर’. मी तव्यावर बोलले. अख्खी पाच मिनिटं! मिसबाई, बिडाचा तवा, मिऱ्यांचा वास, उपड्या ताटल्या. परीक्षकांतले एक गृहस्थ माझं संपल्यावर शेजारच्याला हळूच म्हणाले, “भूक लागली हो.” दुसरा नंबर आला. एक लहानसा चषक मिळाला. तो रिक्षात मांडीवर घेऊन मी भिंगारच्या नाक्यावर उतरले, आणि दुकान अजून दहा घरं लांब असतानाच थबकले.

करपट वास. तव्याचा नाही, मटणाचाही नाही. मसाला जळलेला होता. धणे जळाले की कडू, कोरडा, जुन्या राखेसारखा वास येतो, तो घशात बसतो. मी धावत सुटले.

दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं बसलेली. सगळे चूपचाप. आणि प्रत्येकाच्या ताटलीत अर्धा हॅम्बर्गर तसाच पडलेला. उजागऱ्यांच्या दुकानात कधी कुणी काही टाकून उठलेलं मी बघितलं नव्हतं. होनमाने काका ताठ बसले होते, तोंडात घास होता आणि डोळ्यांत पाणी. मला बघताच त्यांनी भुवया उडवून तव्याकडे खूण केली.

आत्या नव्हती, संध्याकाळसाठी जास्तीचे पाव आणायला ती बेकरीत गेली होती.

“काका, काय झालंय?” मी त्यांच्या कानाशी पुटपुटले.

“कडू जहर,” ते तोंड न हलवता म्हणाले.

“मग सांगितलं का नाही आजोबांना?”

त्यांनी डोळ्यांनीच पाटी दाखवली. “सांगू नये, लिहिलंय. पन्नास वर्षांत मी इथे तोंड उघडलं नाही, आज उघडू? अर्धा गेलाय, अर्धा पण जाईल. आदेश म्हणजे आदेश.” आणि त्यांनी खरंच पुढचा घास घेतला!

“आली का माझी वक्ता!” तव्यामागून आजोबांचा आवाज आला. कसे प्रसन्न दिसत होते! “काय मिळालं? तो पेला कसला?”

“दुसरा नंबर.”

“वा! बोललीस ना पण? घाबरली नाहीस?” आणि नेहमीसारखा गोळा तव्यावर ठेवत, एकदाच दाबत त्यांनी विचारलं, “ये. काय म्हणतोय?”

मी चषक बाजूला ठेवला आणि तव्यावर वाकले. वाकायची गरजही नव्हती. कडू वाफ नाकात घुसली आणि मी झटकन मान मागे घेतली. तोंडापर्यंत शब्द आले होते, आजोबा, मसाला जळलाय. पण ते बोलायच्या आधी मला त्यांचा चेहरा दिसला. ते तव्यावर माझ्यापेक्षा जास्त वाकले होते. ती सगळी कडवट वाफ सरळ त्यांच्या नाकावर जात होती. आणि चेहऱ्यावर काहीही नाही. नुसती वाट बघणं. मी काय म्हणते त्याची.

मला एकदम ते करपलेलं दुधाचं पातेलं आठवलं.

“मस्त, आजोबा,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. “धणे एकदम खरपूस. असा वास कधी आला नव्हता. उलथा.”

“बरोबर,” आजोबा म्हणाले, आणि त्यांनी गोळा उलथला.

मी तव्यापासून दूर होऊन भिंतीला टेकले. आजोबांनी पाव भाजायला घेतला, मग माझी चाहूल बदललेली त्यांना कळली असावी, त्यांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं. मग गिऱ्हाइकांकडे, त्या अर्ध्या अर्ध्या ताटल्यांकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

“चूक सांगितलंस?” त्यांनी हळूच विचारलं.

मी मान हलवून हो म्हटलं.

त्यांनी हात खाली नेऊन गॅस बंद केला. दुकान उघडं असताना तव्याखालची ज्योत विझलेली मी जन्मात पाहिली नव्हती. चरचर कमी कमी होत गेली आणि थांबली.

“काय जळलंय?”

“मसाला. सगळा. धणे तर कोळसा झालेत.”

“दुपारी भाजला मी,” आजोबा म्हणाले. “तडतड ऐकून भाजतो, तर नेमके रस्त्याने रणगाड्यांचे ट्रेलर चालले होते. एकामागून एक. ऐकूच येईना. रंगावरून उतरवला.” ते स्टुलावर बसले. “मला वाटलं, जमलं असेल.”

“कधीपासून, आजोबा?”

“त्या तापात गेला वास. वास गेला, त्याच्यामागे चव गेली. साखर गोड लागते, मीठ खारट लागतं. बाकी सगळं पुठ्ठा.”

“डॉक्टरना दाखवलं?”

“दाखवलं. परत येईल म्हणाले. वाट बघतोय.”

होनमाने काका दुसरीकडे बघत होते, पण त्यांचे कान आमच्याकडेच होते हे कळत होतं.

आणि मग माझ्या डोक्यात ते आलं, आणि डोळे भरूनच आले. रडू त्यांच्यासाठी होतं की माझ्यासाठी, मला आजही नीट सांगता येणार नाही. “म्हणजे तुम्ही रोज मला बरोबर म्हणायचात ते तुम्हाला माहितीच नसायचं? मी काहीही सांगितलं असतं तरी तुम्ही बरोबरच म्हणाला असतात? मी सगळ्यांना सांगत फिरले आजोबा! वर्गात सांगितलं! आज भाषणात सांगितलं, की माझे आजोबा कधी उगाच कौतुक करत नाहीत!”

“उगाच कुठे केलं?”

“मग?”

“ए वेडे,” आजोबांनी माझी वेणी धरून मला जवळ ओढलं. “तू सांगायचीस थांबा, मी थांबायचो. तू सांगायचीस उलथा, मी उलथायचो. मग मी त्या लोकांकडे बघत बसायचो. ताटली उपडी पडली की मनात म्हणायचो, पोरगी बरोबर होती. पहिले पंधरा दिवस ताटली पडल्याशिवाय मी पुढचा गोळा उचलायचो नाही. पुढे वाट बघणंही सोडलं. इतक्या दिवसांत एक ताटली अर्धी परत आली का? सांग. आज आली. आज कोण नव्हतं?”

मी नाक पुसलं.

“दीड वर्ष हे दुकान तुझ्या नाकावर चाललंय. माझे नुसते हात.”

“मला का नाही सांगितलंत?”

आजोबा थोडे ओशाळले. इतका मोठा माणूस ओशाळला की कसा लहान दिसतो! “सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस. हजेरी देताना घाबरायचीस तू. आणि मग…” ते दारावरच्या पाटीकडे बघत म्हणाले, “मग दुकान बंद करून पाटी उलटी करावी लागली असती. ती तशीही आज करावी लागणार. होनमाने, तुमच्या लोकांना काय सांगू हो? फार लांबून आलेत.”

होनमाने काका उठून उभे राहिले. “शमूदादा, बोलायची परवानगी आहे का?”

“आता कसली परवानगी.”

“पलटण सहाला येणार. आता पाच वाजत आलेत. एवढ्या वेळात आम्ही पूल बांधलेत.”

मी ठोकळ्याकडे बघितलं. संध्याकाळचा खिमा वेगळा झाकून ठेवला होता, त्यात अजून मसाला मिसळला नव्हता. डब्यात कच्चे धणे होते, जिरं होतं, मिरे होते. पाव येत होते.

“आजोबा,” मी म्हणाले, “तवा पुसा. मसाला परत भाजू.”

त्यांनी तवा पुसला नाही. त्यांनी उलथनं उचललं, स्वतःच्या एप्रनला दोन्ही बाजूंनी पुसलं आणि मूठ माझ्याकडे केली.

किती वेळा मी या क्षणाचं स्वप्न बघितलं होतं! स्वप्नात मी नेहमी हसत असायची. प्रत्यक्षात मी एक पाऊल मागे सरकले. “आत्ता? असं नाही. शंभर वेळा बरोबर आलं की…”

“कोण मोजत होतं?” आजोबा म्हणाले. “धर. हात दुखतोय.”

मी धरलं. जड होतं. मूठ त्यांच्या हाताने कोमट झालेली होती.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि सुलूआत्या पावांचे ट्रे घेऊन आत आली. “कसला घाण वास सुटलाय हा! बाबा, नाक आहे का…” आणि तिला मी दिसले. माझ्या हातातलं उलथनं दिसलं. ट्रे तसाच धरून ती उभी राहिली. आजोबांकडे बघितलं, विझलेल्या तव्याकडे बघितलं, आणि माझ्या आत्याला काही समजावून सांगायला लागत नाही.

“नाक नाही, सुलू,” आजोबा म्हणाले.

आत्याने ट्रे खाली ठेवला. “जेवताना मीठ दोनदा घ्यायला लागलात तेव्हापासून मला वाटत होतं काहीतरी आहे. म्हातारपण समजत होते मी.” मग ती माझ्याकडे आली. तिचा चेहरा कसनुसा झाला होता. “मला कधी नुसतं विचारलंसुद्धा नाही कुणी,” ती म्हणाली. रागाने नाही, भाव सांगावा तसं. मग तिने आजोबांच्या अंगातला एप्रन सोडवला, माझ्या कमरेभोवती दोन वेढे घेतले आणि अशी करकचून गाठ मारली की माझा श्वास अडकला. “केवढा मोठ्ठाय तुला! पायात येऊन पडशील. वर खोच. आणि मिरे भाजताना तोंड बाजूला ठेव, मी उभी आहे इथे.”

गिऱ्हाइकांचे कडू हॅम्बर्गर तिने उचलले. कुणी हरकत घेतली नाही. होनमाने काकांनी मात्र आपला संपवून टाकला होता.

मी तवा पेटवला. आजोबा रोज करायचे ती प्रार्थना मीच केली, “प्रभू, तव्यावर लक्ष असू दे.” धणे टाकले. आधी त्यांना काहीच वास नसतो, ओल्या गवतासारखा येतो. मग सुकी पानं. मग एकदम, अगदी एका क्षणात, उन्हात तापलेल्या संत्र्याच्या सालीसारखा गोड होतो. तेवढाच क्षण. मी तवा रिकामा केला. आजोबा बाजूला स्टुलावर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते.

“आला?” त्यांनी विचारलं.

“आला!” मी ओरडलेच.

सहाच्या आधीच पलटण आली. कुणी काठी टेकत, कुणी नातवाचा हात धरून, पण आवाज सगळ्यांचे पोरांसारखे. “अरे, बाकडी तीच आहेत!” “हा खड्डा टेबलाला मी पाडलेला, चाकूने!” “शमूदादा कुठे आहे? आणि ही शाळेच्या ड्रेसमधली कोण?”

“नवीन कमांडर,” होनमाने काका गरजले. “बसून घ्या. मागू नये, सांगू नये. विसरलात का?”

सगळे बसले. मी पहिला गोळा ठेवला, एकदाच दाबला. आता मला विचारणारं कुणी नव्हतं. आलं पळत पुढे आलं, कांदा मागून आला, गोड झाला, आणि माझ्या हाताने आपोआप उलथनं खाली घातलं. पाव, कच्च्या कांद्याची एक चकती, ताटली. होनमाने काकांनी ती घेतली आणि सगळ्या पलटणीसमोर चावा घेतला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. आजोबा तर स्टुलाच्या टोकावर. काका चावत राहिले. चावतच राहिले. एवढा सावकाश माणूस मी आयुष्यात पाहिला नाही! शेवटचा घास गेला. त्यांनी मिशी पुसली, ताटली हातात घेतली आणि उपडी घातली.

टण्ण.

त्यानंतर कुणीकुणी किती खाल्ले ते मला माहीत नाही. मी नुसती ताटल्यांचा आवाज ऐकत होते. टण्ण, टण्ण, टण्ण. पलटणीतले एक म्हातारे गृहस्थ तर, बोलायचं नाही म्हणून, डोळे पुसत पुसत ताटली उपडी घालत होते. आत्या पाव कापत होती आणि मध्येच माझ्या कपाळावरचे केस मागे सारत होती. एकदा तिने नुसतीच माझ्या हाताकडे, उलथन्याकडे बघितलं. मी ते तिच्यापुढे धरलं. “एक तू उलथ ना, आत्या.”

“नियम आहे,” ती म्हणाली.

“मी कमांडर आहे.”

आजोबा नुसते खोकले. आत्याने हात पदराला पुसले, उलथनं घेतलं आणि एक गोळा उलथला. काय सुंदर उलथला! माझ्यापेक्षा चांगला. मग चटका बसल्यासारखं माझ्या हातात परत दिलं आणि पाव कापायला लागली, पण पुढचा सगळा वेळ ती गुणगुणत होती.

शेवटचा एक गोळा उरला. नियमाप्रमाणे तो माझा. पलटण अजून बसलेली होती, गप्पा थांबल्या, सगळे बघायला लागले. मी उभी राहून मोठा चावा घेतला. आणि तेव्हा मला आजोबा दिसले. माझा घास गिळला जायची वाट बघत बसलेले, दीड वर्ष रोज सगळ्यांसमोर उभं राहून पुठ्ठा खाल्लेले.

मी उरलेल्याचे दोन भाग केले. एक ताटलीत ठेवून त्यांच्या हातात दिला.

“मला काय करायचाय?” ते म्हणाले. “फुकट जाईल.”

“खा. मी सांगते.”

त्यांनी घास घेतला. मी त्यांच्या शेजारी उकिडवी बसले आणि त्यांच्याबरोबर खात खात सांगायला लागले. “आधी पाव. कडेला कुरकुरीत, चरबीचा वास, सणाच्या दिवशी सकाळी घरात येतो तसा. आता मटण. मऊ आहे, पण दाताला लागतंय, सुऱ्यांचं आहे म्हणून. आता थांबा. आता आलं येईल. आलं, जिभेच्या बाजूला. त्याच्यामागे धणे. आज धणे छान जमलेत आजोबा, संत्र्याच्या सालीसारखे. कांदा त्यांच्यात मिसळलाय, वेगळा काढताच येत नाही. आणि गिळलंत की मिरं. घशात. तिखट नाही, ऊब. आली?”

आजोबांनी डोळे मिटले होते. जबडा हळूहळू हलत होता. मी एकेक चव आली की सांगत होते आणि ते ऐकत ऐकत चावत होते. घास संपला, मग दुसरा.

ताटली रिकामी झाली. मी वाट बघत होते. मला वाटलं, आता ते ‘बरोबर’ म्हणतील. ते काही म्हणाले नाहीत. त्यांनी डोळे उघडले, ताटलीकडे बघितलं, आणि ती उपडी घातली. टण्ण.

“संपलंय बाबा सगळं,” आत्या गल्ल्यावरून म्हणाली. “आणि उद्या रविवार. दुकान बंद.”

“माहितीये मला,” आजोबा म्हणाले. “सोमवारचा सांगून ठेवतोय.”